आधी पान उलटून पाहा : परसातले सेंद्रिय टोमॅटो आणि भोपळे

परसात किंवा गच्चीवर भाजी लावणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काय फवारू?" पान वळले, फूल गळले, फळाला भोक पडले, की लगेच औषधाची चौकशी सुरू होते. रासायनिक औषध नको असेल तर कडुनिंबाचे तेल, गोमूत्र, आंबट ताक, लसूण-मिरचीचा ठेचा असे जे कोणी सुचवेल ते पाण्यात कालवून झाडावर मारले जाते. बाटली बदलते, सवय तीच राहते. सेंद्रिय लागवडीत फवारणीचा क्रमांक शेवटचा आहे. त्याआधी जमीन, हंगाम आणि रोजची देखरेख येते. या तीन गोष्टी सांभाळल्या तर फवारणीची गरज क्वचित पडते, आणि पडलीच तर थोडक्यात भागते.

टोमॅटो आणि भोपळावर्गातले वेल यांचा विचार इथे एकत्र केला आहे, कारण घरच्या बागेत ते शेजारीशेजारी असतात आणि त्यांचे बरेच शत्रूही सामाईक असतात. मावा, पांढरी माशी, नागअळी, लाल कोळी हे सगळे दोन्हीकडे जातात. २०२० च्या उन्हाळ्यात पुणे, नगर, नाशिक पट्ट्यातल्या शेतांत टोमॅटो एकसारखे लाल होईनात, त्यांवर पिवळे-हिरवे चट्टे राहू लागले. शेतकऱ्यांनी त्याला 'तिरंगा व्हायरस' असे नाव दिले. बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत 'काकडी मोझॅक' हा विषाणू सापडला. नाव काकडीचे, नुकसान टोमॅटोचे, आणि तो पसरवणारा मावा. हा विषाणू माणसाला बाधत नाही, तरी अफवांमुळे त्या वर्षी टोमॅटो घ्यायला लोक कचरत होते. आपल्या बागेसाठी यातून घ्यायचे ते एवढेच : काकडीच्या वेलावरचा मावा दुर्लक्षित राहिला, तर त्याची किंमत शेजारचा टोमॅटोही मोजतो.

जागा आणि माती

दोन्ही पिकांना दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन हवे. गॅलरीत तेवढे ऊन येत नसेल तर तिथे पालक, मेथी, पुदिना लावा. सावलीतला टोमॅटो नुसता उंच वाढतो, फळत नाही, आणि त्याच्या कोवळ्या लुसलुशीत पाल्यावर कीड आधी येते.

टोमॅटोच्या एका रोपाला पंधरा ते वीस लिटरची कुंडी लागते. दुधी किंवा भोपळ्याच्या वेलाला निदान चाळीस लिटरचा डबा किंवा अर्धा ड्रम द्या. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि दोन मुठी निंबोळी पेंड हे मिश्रण पुरेसे आहे. निंबोळी पेंडीमुळे मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनाही आळा बसतो. खतात ट्रायकोडर्माची पावडर मिसळून ते आठवडाभर ओलसर आणि सावलीत ठेवले तर रोपे कोलमडणे आणि मर रोग बराच टळतो. कच्चे शेण मात्र घालू नका. त्यातून हुमणी येते.

खत जास्त झाले की झाड जास्त जोमदार होईल, हा समज सोडून द्यावा. नत्र जास्त झाले की पाने गर्द हिरवी आणि मऊ होतात, फुले कमी लागतात आणि मावा येतो. जिवामृत किंवा शेणखताचे पाणी पंधरा दिवसांतून एकदा, तेही फुले लागेपर्यंतच पुरे.

आता गोष्ट फेरपालटाची. वांगी, मिरची, बटाटा हे टोमॅटोचे सख्खे भाऊबंद. ज्या वाफ्यात यांपैकी एक पीक होऊन गेले, तिथे लगेच दुसरे लावू नका. मध्ये गवार, चवळी किंवा मेथी घ्या. काकडी, दुधी, दोडका, कारले यांचेही तेच. कुंडीत लावणाऱ्यांनी जुनी माती उन्हात पसरून तापवावी आणि पुढच्या हंगामात ती दुसऱ्या कुळातल्या भाजीला वापरावी.

टोमॅटो : हंगाम आणि बांधणी

टोमॅटो आपल्याकडे वर्षभर लावतात, पण घरच्या बागेसाठी सर्वांत सोपा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लागणीचा. पावसाळी टोमॅटोला करपा छळतो, उन्हाळीला पांढरी माशी. तापमान ३५ अंशांच्या वर गेले की फुले गळतात, आणि कडक उन्हात फळे लाल होण्याऐवजी पिवळट-केशरी राहतात. यात झाडाचा दोष नसतो आणि त्यावर औषधही नसते. दुपारची सावली आणि आच्छादन एवढाच उपाय.

रोपे घरी करायची तर पेटीवर बारीक विणीची नायलॉन जाळी ताणून लावा. पानांचा बोकड्या म्हणजे पर्णगुच्छ रोग पांढरी माशी पसरवते आणि कोवळ्या वयात लागण झालेले झाड पुढे फळतच नाही. त्यामुळे पहिले पंचवीस-तीस दिवस जपले की निम्मे काम झाले. चार-पाच पानांचे रोप संध्याकाळी लावा, आणि थोडे खोल लावा. टोमॅटोच्या खोडाला मातीत गाडलेल्या भागातूनही मुळे फुटतात. जमिनीत दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवा.

लागण करतानाच काठी रोवा, नंतर रोवली तर मुळे तुटतात. सुतळीने सैल बांधा. सतत वर वाढणाऱ्या जातीची बगलफूट, म्हणजे पानाच्या बेचक्यातून येणारे फुटवे, बोटाएवढे असतानाच खुडा. झुडुपी वाढणाऱ्या जातीची मात्र खुडू नका, तिची फळे त्याच फांद्यांवर येतात. जमिनीला टेकणारी खालची पाने सर्वच जातींत काढून टाका आणि पाचट, वाळका पाला किंवा भाताचा पेंढा बुंध्याभोवती पसरा. करप्याचे बीजाणू पावसाच्या किंवा झारीच्या पाण्याबरोबर मातीतून उडून खालच्या पानांवर बसतात. ती वाट बंद झाली की रोग निम्म्याने कमी झालाच म्हणून समजा. याच कारणाने पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घाला, आणि सकाळी घाला.

फळाचा खालचा भाग काळा, चामड्यासारखा होऊन बसत असेल तर तो रोग नाही. कधी माती कोरडीठाक, कधी पाण्याने थबथबलेली, अशा हेलकाव्यांत फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही. अंड्याची टरफले टाकून हा दोष त्या हंगामात सुधारत नाही, कारण ती कुजायला फार वेळ लागतो. पाणी नियमित केले की पुढची फळे बरी येतात. फळे तडकण्याचेही कारण बहुधा हेच.

फुले येऊनही फळ धरत नसेल तर सकाळी दहाच्या सुमारास फुलोऱ्याच्या देठाला बोटाने हलकेच टिचकी मारा. टोमॅटोचे परागकण आतच असतात. ते झटकले जायला हवेत. मोकळ्या बागेत वारा आणि मोठे भुंगे हे काम करतात, बंद गॅलरीत ते आपल्याला करावे लागते.

टोमॅटोवरची कीड ओळखा

पानावर पांढरी, बारीक, नागमोडी रेघ दिसली तर ती नागअळी. दोन-चार पानांवर असेल तर पाने तोडून टाका, घाबरण्यासारखे काही नाही. रेघेऐवजी पानाचा मोठा चट्टा पारदर्शक पापुद्र्यासारखा झाला असेल आणि फळाच्या देठाजवळ टाचणीने टोचल्यासारखी भोके असतील, तर ती 'टूटा' अळी. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही कीड भारतात प्रथम २०१४ मध्ये महाराष्ट्रातच आढळली. तिची पाने आणि फळे दिसताच काढून पिशवीत बंद करा. कंपोस्टमध्ये टाकू नका.

फळाला मोठे गोल भोक, आणि अर्धी अळी आत, अर्धी बाहेर, हे दृश्य हिरव्या घाटेअळीचे. हरभऱ्याचे घाटे आणि कापसाची बोंडे पोखरणारी ती हीच. एक अळी एका फळावर थांबत नाही, म्हणून भोक पडलेले फळ झाडावर ठेवले तर पुढची फळेही जातात. ते लगेच तोडा आणि अळी शोधून मारा. तिच्यासाठी झेंडू हा चांगला सापळा आहे. बंगळूरच्या त्याच संस्थेने शेतासाठी टोमॅटोच्या सोळा ओळींमागे उंच झेंडूची एक ओळ सुचवली आहे. त्यात झेंडूचे रोप चाळीस दिवसांचे आणि टोमॅटोचे पंचवीस दिवसांचे असते, म्हणजे दोघांना फुले एकाच वेळी येतात आणि पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतो. परसात पाच-सहा टोमॅटोंमागे दोन झेंडू पुरतात. लावायचे मात्र टोमॅटोच्या आधी, आणि झेंडूच्या कळ्याही तपासायच्या. सापळा लावून विसरलात तर तो अळ्यांचे पाळणाघर होतो.

पानाखाली पांढरे कण आणि झाड हलवताच उडणारा भुरका दिसला तर पांढरी माशी. झाडाच्या उंचीवर पिवळे चिकट कार्ड टांगा. ज्या झाडाची पाने आक्रसून वाटीसारखी वर वळली आहेत, ते झाड उपटून टाका. बोकड्या झालेले झाड बरे होत नाही, शेजाऱ्यांना मात्र रोग देते.

आणखी एक खबरदारी. तंबाखूतला मोझॅक विषाणू तंबाखूच्या पुडीत आणि बिडीतही जिवंत राहतो आणि हातावरून टोमॅटो-मिरचीच्या झाडावर जातो. तंबाखू मळणाऱ्याने झाडाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. तंबाखूच्या काढ्याची फवारणीही टाळा. निकोटीन हे तीव्र विष आहे, 'नैसर्गिक' असले तरी.

भोपळा, दुधी आणि दोडका

वेलांची रोपे शक्यतो हलवू नयेत, त्यांच्या मुळांना ते मानवत नाही. जून-जुलै किंवा जानेवारी-फेब्रुवारीत आळ्यात दोन-तीन बिया थेट टोका आणि जोमदार रोप ठेवून बाकीची कापून टाका. दुधी, दोडका, कारले, पडवळ मांडवावर चढवा. लाल भोपळ्याला जमिनीवर पसरायला जागा द्या आणि फळाखाली पेंढा किंवा वीट ठेवा. पावसाच्या सुरुवातीला लावलेला लाल भोपळा साधारण पितृपक्षाच्या सुमारास काढायला येतो. कोकणात आणि गोव्यात, जिथे पाऊस धो धो पडतो, तिथे आळे खोल न करता मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. जागा फारच कमी असेल तर झुडुपासारखी वाढणारी झुकिनी हिवाळ्यात कुंडीत घेता येते.

'फुले खूप येतात, पण भोपळा धरत नाही' ही तक्रार नेहमीची. वेलावर नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते, नर फुलाला नुसता देठ. सुरुवातीला नर फुलेच येतात, तेव्हा थोडी वाट पाहा. दुधीचा शेंडा सहा-सात पानांवर खुडला की बगलेच्या फांद्या फुटतात आणि मादी फुले त्यांवर अधिक येतात.

मग प्रश्न परागीभवनाचा, आणि इथे घड्याळ पाहावे लागते. लाल भोपळा आणि काकडीची पिवळी फुले पहाटे उमलतात, त्यांचे काम सकाळी नऊच्या आत होते. दुधीची पांढरी फुले आणि दोडक्याची पिवळी फुले संध्याकाळी उमलतात. रोज सकाळी दुधीकडे जाऊन मधमाशी शोधणाऱ्याला ती सापडणार कशी? नर फूल तोडा, पाकळ्या मागे सारा आणि मधला परागदंड मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. दुधीसाठी हे संध्याकाळी करा, भोपळ्यासाठी सकाळी.

छोटे फळ पिवळे पडून गळाले तर ते उभे चिरून पाहा. आत काही नसेल तर परागीभवन झाले नव्हते. सालीवर टोचल्याची खूण, तिथे डिंकाचा थेंब आणि आत पांढऱ्या अळ्या असतील तर काम फळमाशीचे. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत, आणि न चिरता फवारणारा दोन्ही वेळा चुकतो.

वेलांवरचे शत्रू

इंटरनेटवरचे परदेशी व्हिडिओ पाहून अनेक जण भोपळ्याच्या खोडात शिरणारी अळी शोधत बसतात. ती अमेरिकेतली डोकेदुखी. आपल्याकडे वेलांचे मुख्य वैरी दोन : लाल भुंगेरे आणि फळमाशी.

लाल भुंगेरे बी उगवल्याबरोबर येतात आणि पहिल्या दोन जाड पानांची चाळणी करतात. तेवढ्यात रोप मरते. चार पाने येईपर्यंत आळ्यावर जाळी किंवा मच्छरदाणीचा तुकडा टाकून ठेवा. पहाटे भुंगेरे गारठलेले असतात, तेव्हा ते हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. दवाने ओल्या पानांवर चाळलेली राख भुरभुरण्याचा जुना उपायही उपयोगी आहे. यांच्या अळ्या मातीत राहून मुळे खातात, म्हणून हंगाम संपला की आळे उकरून उन्हात तापू द्या. जाळी मादी फुले येण्यापूर्वी काढायची, हे विसरू नका.

फळमाशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळी आतच वाढते. आत शिरलेल्या अळीपर्यंत कोणतीही फवारणी पोहोचत नाही. म्हणून फळ धरल्याची खात्री होताच, दोन-तीन दिवसांत, त्याला कागदाची किंवा पातळ कापडाची पिशवी बांधा. किडलेली फळे वेलाखाली पडू देऊ नका, कारण अळी मातीत शिरून कोष करते आणि नवी पिढी तिथूनच उठते. ती फळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवा, वेलाखालची माती वरचेवर हलवा. कामगंध सापळा घेताना दुकानदाराला पीक सांगा. आंब्याच्या फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉल लागते, वेलांच्या माशीसाठी क्यू ल्यूर. सापळा तोच, आतली वडी वेगळी. चुकीची वडी टांगली तर सापळा हंगामभर रिकामा राहतो. शिवाय त्यात फक्त नर अडकतात, म्हणून पिशव्या बांधणे थांबवू नका.

पावसाळ्यात पानांवर शिरांनी बांधलेले पिवळे, कोनाकृती ठिपके येतात तो केवडा. तशी पाने काढा, वेल विरळ करा, वारा खेळू द्या. हिवाळ्यात पानांवर पिठासारखी पांढरी बुकटी पसरते ती भुरी. तिच्यावर दुधाचा उपाय खरोखर तपासलेला आहे. ब्राझीलमध्ये वाग्नर बेतिओल यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, झुकिनीच्या भुरीवर गाईच्या दुधाचे पाण्यातले दहा टक्के मिश्रण चांगले चालले. एक वाटी दुधात नऊ वाट्या पाणी घालून आठवड्यातून एकदा, सकाळच्या उन्हात, रोग दिसू लागताच फवारा. गंधक मात्र भोपळावर्गीय वेलांवर टाळा, उन्हात त्याने पाने करपतात.

दुधी किंवा काकडी चिरल्यावर छोटा तुकडा चाखायची सवय ठेवा. कडू लागला तर पूर्ण फळ फेकून द्या. ते कडू द्रव्य विषारी असते, आणि शिजवून किंवा रस काढून त्याचा धोका जात नाही.

फवारायचेच असेल तर

आधी मित्र ओळखा. चकचकीत, ठिपकेवाला ढालकिडा मावा खातो. त्याच्यासारखाच दिसणारा, पण निस्तेज आणि अंगावर बारीक लव असलेला, अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा वांगी, टोमॅटो, कारल्याची पाने खरवडतो. पहिल्याला राहू द्या, दुसऱ्याला वेचा. माव्याजवळ मुंग्यांची रांग असेल तर आधी मुंग्या हटवा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या ढालकिड्याला हुसकावतात.

मावा आणि लाल कोळी यांच्यावर पानाच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा बऱ्याचदा पुरतो. तेवढ्याने भागले नाही तर निंबोळी अर्क. मे ते जुलैमध्ये पडणाऱ्या पिकलेल्या निंबोळ्यांचा गर धुऊन बिया सावलीत वाळवा. पन्नास ग्रॅम बियांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, रिठ्याचे थोडे पाणी घाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी वापरा. हा झाला पाच टक्के अर्क. उन्हात त्याचा अंमल लवकर उतरतो. त्याने कीड तिथल्या तिथे मरत नाही. तिचे खाणे थांबते, वाढ खुंटते. म्हणून दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून दुप्पट कडक अर्क करू नका, आठवड्याने पुन्हा फवारा. घाटेअळी लहान असताना बीटी जिवाणूची पावडर, पांढऱ्या माशीवर व्हर्टिसिलियम बुरशी, हे जैविक पर्यायही कृषी विज्ञान केंद्रांत आणि कृषी सेवा केंद्रांत मिळतात. त्यांची तारीख पाहून घ्या, कारण जुन्या पाकिटातले जीव मेलेले असतात.

कोणतेही मिश्रण आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबा. भोपळ्याची पाने नाजूक असतात, भांडी घासायच्या साबणानेही भाजतात. उमललेल्या फुलांवर काहीही फवारू नका. आणि दोन-तीन उपाय एकत्र कालवू नका, नाहीतर काय लागू पडले तेच कळणार नाही.

रोज सकाळी दहा मिनिटे काढा. प्रत्येक झाडाची दोन पाने उलटा, एक शेंडा पाहा, पडलेले फळ उचला, काय दिसले ते वहीत तारखेनिशी लिहा. दुसऱ्या हंगामापासून ती वहीच तुम्हाला आधी सांगेल की भुंगेरे केव्हा येतात आणि पिशव्या केव्हा बांधायच्या. यंदा चारच टोमॅटो आणि एकच वेल लावा, पण त्यांच्याकडे रोज बघा. ज्याला रोज बघणे शक्य नाही, त्याने बाजारातून भाजी आणावी. त्यात काही कमीपणा नाही.